रात्रीचे संगीत आणि शेजाऱ्याची झोप

यवतमाळ जिल्ह्यातील मुकुटबनला राहणाऱ्या मुलांनी एक गोष्ट अनुभवली असेल. माजरीहून वणीमार्गे आदिलाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर हे स्टेशन आहे. दुपारी गाडीची शिटी झाली तर गावात अनेकांना तिचा पत्ताही लागत नाही. पण थंडीच्या दिवसांत रात्री दहा-अकराच्या सुमारास पांघरूण घेऊन पडावे, तर तीच शिटी घरामागून आल्यासारखी वाटते. गाडी तीच, शिटी तीच, अंतरही तेच. मग रात्रीने असे काय केले?

हा प्रश्न केवळ शिटीचा नाही. मुंबई, पुणे, गोवा येथे गेली काही वर्षे एक भांडण चालू आहे. एका बाजूला आहेत रात्री उशिरापर्यंत चालणारी हॉटेले, मद्यालये आणि नाचगाण्याची ठिकाणे. दुसऱ्या बाजूला त्यांच्या शेजारी झोपू पाहणारी माणसे. पुण्यात कोरेगाव पार्क व कल्याणीनगर, गोव्यात हणजुणे व वागातोर ही नावे या संदर्भात वृत्तपत्रांत वारंवार येतात. मालक म्हणतो, "आम्ही आवाज मर्यादेत ठेवतो." शेजारी म्हणतो, "आम्हाला झोप लागत नाही." गंमत अशी की पुष्कळदा दोघेही खरे बोलत असतात! हे कसे शक्य आहे, ते आपण पाहू.

गिरणगावातील रात्र

मुंबईचे लोअर परळ घ्या. एके काळी हे गिरणगाव होते. तेथील गिरण्या रात्रपाळीतही चालत आणि भोंग्यावर चाळींची घड्याळे लागत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. पुढे त्यांच्या आवारांत कचेऱ्या, मॉल आणि खाण्यापिण्याची ठिकाणे आली. चाळी मात्र जवळच राहिल्या आणि त्यांच्या शेजारी उंच इमारतीही उठल्या. मागावरच्या खडखडाटाने चाळीची चूल पेटत होती. आजच्या संगीताचे तसे नाही. तरीही त्या संगीतावर पोट असणारी माणसे आहेतच: आचारी, वाढपी, वादक, पहारेकरी, रिक्षावाले. शिवाय रात्रपाळी संपवून निघालेल्या परिचारिकेला गरम जेवण मिळावे, ही मागणी काही चैनीची नव्हे.

जानेवारी २०२० मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मुंबईत दुकाने, मॉल व उपाहारगृहे चोवीस तास उघडी ठेवण्यास मान्यता दिली. त्यात दोन अटी होत्या. ही सवलत मॉल, गिरण्यांची आवारे अशा कुंपण असलेल्या, वस्ती नसलेल्या जागांपुरती होती; आणि मद्यालयांची रात्री दीडची मर्यादा तशीच ठेवली होती. कागदावर ही तोड चांगली आहे. पण भौतिकशास्त्राचा विद्यार्थी लगेच विचारील: कुंपण माणसांना अडवते, आवाजाला अडवते काय?

कायदा काय म्हणतो?

आवाजाविरुद्धची तक्रार नवी नाही. मुंबईचे डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ साली उच्च न्यायालयात दाद मागितली होती. पुढे केंद्र सरकारने २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल, तर व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबेल अशी सरासरी मर्यादा त्यांत आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. बंदिस्त सभागृहात, आतल्या लोकांपुरता लावता येतो. वर्षातील काही मोजक्या दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या बंदीवर शिक्कामोर्तब केले.

४५ हा आकडा हवेतून आलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या शिफारशीनुसार चांगल्या झोपेसाठी खोलीतील सततचा आवाज ३० डेसिबेलच्या वर नसावा. अर्धवट उघड्या खिडकीतून आत येताना आवाज सुमारे १५ डेसिबेलने घटतो. बाहेर ४५ असेल, तर आत ३०. हिशेब जुळला!

रात्रीची हवा

आता शिटीकडे वळू. पहिले कारण सोपे आहे. दिवसा रस्ता, बाजार, यंत्रे यांचा गलका असतो आणि दूरचा आवाज त्याखाली झाकला जातो. रात्री हे झाकण निघते. दिवसा ६५ डेसिबेलच्या गलक्यात ५० डेसिबेलचे गाणे कोणाच्या गावीही नसते. रात्री भोवताल ३८ वर आला, की तेच गाणे उठून दिसते.

दुसरे कारण अधिक मजेदार आहे. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो. शून्य अंश सेल्सिअसला तो सेकंदाला सुमारे ३३१ मीटर असतो आणि दर अंशामागे ०.६ मीटरने वाढतो. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची थंड असते. निरभ्र, शांत रात्री उलट होते. जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड होते आणि वरची हवा तुलनेने उबदार राहते. याला तापमानाचा व्युत्क्रम म्हणतात. बैलजोडीतला एक बैल चपळ आणि दुसरा सुस्त असेल, तर गाडी सुस्त बैलाच्या बाजूला वळते. ध्वनितरंगाचेही तसेच. रात्री तरंगाचा वरचा भाग जलद आणि खालचा मंद चालतो. म्हणून तरंग जमिनीकडे वाकतो. दिवसा तो वर वाकून आकाशात निघून जातो. प्रकाशाच्या वक्रीभवनाचाच हा भाऊबंद. मोठ्या शहरात सिमेंट-डांबर रात्रीही उष्णता सोडत असल्याने हा परिणाम खेड्याइतका ठळक नसतो. तेथे पहिले कारणच मुख्य ठरते.

डेसिबेलचे गणित

मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबेलने कमी होतो. समजा, गच्चीवरच्या एका ध्वनिक्षेपकापासून एक मीटरवर १०० डेसिबेल आवाज आहे. दोन मीटरवर ९४, चार मीटरवर ८८, असे करीत जा. ६४ मीटरवर अजून ६४ डेसिबेल असतात. ५१२ मीटरवर, म्हणजे अर्ध्या किलोमीटरवर, ४६ उरतात! मध्ये इमारती, झाडे आली तर आकडा कमी होईल. पण उघड्या गच्चीवरचे संगीत शेजाऱ्यांच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या वस्तीला का जागवते, ते यावरून कळेल.

आता खरी मेख पाहा. डेसिबेल साध्या बेरजेने मिळवता येत नाहीत, कारण ते लॉगरिथमचे एकक आहे. ४५ डेसिबेलचे दोन आवाज एकत्र आले तर ९० होत नाहीत. ऊर्जा दुप्पट झाल्याने ४८ होतात. दहा आवाज एकत्र आले तर ऊर्जा दहापट, म्हणजे ५५ डेसिबेल. एका रस्त्यावर दहा मद्यालये आहेत असे धरा. तुमच्या खिडकीपाशी त्या प्रत्येकाचा आवाज बरोबर ४५ डेसिबेल पोहोचतो. तपासणीस एकेकाकडे जाईल, तर दहाही मालक निर्दोष ठरतील. खिडकीत उभ्या असलेल्या तुमच्या आजोबांना मात्र ५५ डेसिबेल ऐकू येतील आणि खोलीत ४०. दहा जण खरे बोलले, आणि अकरावाही खरेच बोलला.

भिंत ओलांडणारा ढोल

शेजाऱ्यांची दुसरी एक तक्रार नेहमी सारखी असते: "गाण्याचे शब्द कळत नाहीत, नुसते धब्-धब् ऐकू येते." याचेही कारण आहे. जड भिंत आवाज चांगला अडवते, पण सर्व आवाज सारखे नाही. कंप्रता निम्मी झाली की भिंतीची अडवण्याची शक्ती सुमारे ६ डेसिबेलने घटते. गायिकेचा उंच स्वर भिंतीत अडकतो. ढोलाचा खर्ज पार होतो.

शिवाय तरंगलांबीचा प्रश्न आहे. १००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते, तर ५० हर्ट्झच्या खर्जाची जवळजवळ ७ मीटर. दोन-अडीच मीटर उंचीचे कुंपण सात मीटर लांबीच्या तरंगाला काय अडवणार? विवर्तनाने तो सहज वळून पलीकडे उतरतो. गिरणीच्या आवाराची भिंत आणि चाळीची खिडकी यांचा संबंध येथे येतो.

आणि मोजण्याचे काय? कायद्यातील मोजणी 'ए' श्रेणीची असते. शांत आवाजात आपला कान खर्जाला कमी संवेदनशील असतो. म्हणून मापकही खर्ज कमी धरतो. ६३ हर्ट्झला तो सुमारे २६ डेसिबेल वजा करतो. तेव्हा ७० डेसिबेलची धबधब मापकावर ४४ दिसते आणि कायद्यात बसते! यात फसवणूक कोणाची नाही. ही श्रेणी सर्वसाधारण आवाजासाठी सोयीची आहे, पण अशा खर्जाचा त्रास तीत पुरता उमटत नाही. ध्वनिमापकात 'सी' नावाची दुसरी श्रेणी असते; ती खर्ज फारसा वजा करीत नाही. दोन्ही श्रेणींच्या आकड्यांत मोठा फरक पडला, तर दोष ढोलात आहे असे ओळखावे.

मग उपाय काय?

पहिला उपाय उगमापाशी. ध्वनिक्षेपक सरळ जमिनीवर न ठेवता रबराच्या बैठकीवर ठेवला, तर त्याची थरथर स्लॅबमधून वरच्या मजल्यावर जात नाही. एका दाराऐवजी मध्ये मोकळी जागा ठेवून दोन दारे केली, तर गिऱ्हाईक आत-बाहेर करताना आवाज सांडत नाही. एका मोठ्या ध्वनिक्षेपकाऐवजी टेबलांजवळ अनेक लहान ठेवले, तर कमी आवाजातही सर्वांना ऐकू येते. खर्ज तेवढा कमी केला, तरी शेजाऱ्याचा निम्मा राग जातो. गच्चीवर मात्र भिंतच नसल्याने तेथे दहानंतर संगीत बंद, हाच उपाय.

आवाज कमी झाल्याने धंदा बुडेल, ही मालकाची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण आत काम करणाऱ्या मुलाचा विचार करा. अमेरिकेतील नायॉश या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबेलमध्ये आठ तास काम चालेल आणि दर ३ डेसिबेलमागे वेळ निम्मी करावी. हिशेब केलात तर १०० डेसिबेलला पंधरा मिनिटेच उरतात. वाढपी तेथे पाच-सहा तास असतो! तेव्हा आवाज उतरवला तर समोरच्या चाळीतील म्हातारा झोपतो आणि आतल्या तरुणाचे कानही वाचतात. येथे दोघांचे हित एकच आहे.

तिसरा प्रश्न आधी कोण आले याचा. जुन्या संगीतगृहाशेजारी नवी इमारत बांधली, तर भिंतींचा खर्च कोणी करावा? ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नगररचनेत एक तत्त्व आणले: जो नंतर येईल, त्याने ध्वनिरोधनाची जबाबदारी घ्यावी. संगीतगृह जुने असेल तर इमारत बांधणाऱ्याने. वस्ती जुनी असेल तर संगीतगृहवाल्याने. या कसोटीवर चाळीचा दावा कोठे बसतो, ते तुम्हीच ठरवा.

करून पाहा

मुंबईत आवाज फाउंडेशनच्या सुमायरा अब्दुलअली यांनी हाती मापक घेऊन सणासुदीच्या आवाजाचे आकडे नोंदवले आणि त्यामुळे चर्चेला आधार मिळाला. तुम्हीही लहान प्रमाणात हे करू शकता. शिक्षकांच्या मोबाइलवर ध्वनिमापनाचे अ‍ॅप घ्या. त्याचे आकडे अचूक नसतात, पण तुलनेला चालतात. एकाच खिडकीत, रोज दुपारी दोनला आणि रात्री नऊला, एक आठवडा नोंद करा. आकाश निरभ्र होते की ढगाळ, वारा कोणत्या दिशेचा होता, तेही लिहा. शिटी कोणत्या रात्री अधिक स्पष्ट ऐकू आली, ते ताडून पाहा. गावात लग्नाची वरात येईल तेव्हा खिडकी लावून घ्या आणि गाण्यातले आधी काय नाहीसे होते ते ऐका: शब्द, सनई की ढोल?

मुकुटबनला मद्यालयांची रांग नसेल. पण वरातीचा डीजे, उत्सवाचा मांडव आणि दहावीच्या परीक्षेची रात्र कोणत्याही गावात एकत्र येऊ शकते. तेव्हा "आवाज फार आहे" आणि "छे, कोठे आहे?" एवढ्यावर वाद संपवू नका. किती डेसिबेल, कोणाच्या खिडकीत, कोणत्या वेळी आणि त्यात खर्ज किती, हे चार प्रश्न विचारा. मग वही घेऊन मांडववाल्या काकांकडे जा. आकडे घेऊन आलेल्या मुलाला कोणी सहसा हाकलून देत नाही.