संगीत संशोधन : व्यवसायाच्या वाटा

संगीत संशोधनात गाण्या-वाजवण्यापेक्षा संगीताचा इतिहास, शास्त्र, ध्वनी आणि समाजाशी असलेले नाते अभ्यासले जाते. पं. विष्णु नारायण भातखंडे (1860-1936) यांनी देशभर फिरून घराण्यांतल्या बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीसह छापल्या. डॉ. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीत व नाट्यसंगीतापर्यंत हा अभ्यास नेला.

आज यात तीन मुख्य वाटा आहेत. पहिली अध्यापनाची : एम.ए.नंतर नेट किंवा पीएच.डी. करून विद्यापीठात शिकवता येते. दुसरी ध्वनिसंग्रहालयांची. येथे मिनिटाला 78 फेऱ्यांची जुनी तबकडी हाती आली की ती आधी स्वच्छ केली जाते, तिचे डिजिटायझेशन होते, मग कलाकार, राग, ताल, कंपनी आणि तबकडीचा क्रमांक यांची नोंद होते. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे असले, तरी त्यावरून त्या काळची गायकी कळते. तिसरी वाट संगणकाची : स्वरांची कंपनसंख्या मोजून रागांचे विश्लेषण करणे.

शिष्यवृत्त्या मोजक्या आणि कायम नोकऱ्या कमी असल्याने अनेक संशोधक लेखन, संपादन किंवा शिकवण्या यांची जोड देतात. या क्षेत्रात यायचे तर तयार कान, निदान दोन भाषा आणि नोंदी ठेवण्याची शिस्त हवीच.