तेंदूचे पान आणि दिवाळीचे विमान

गेल्या दिवाळीत आमच्या घरी फटाके फारसे वाजले नाहीत. पण विमानाच्या तिकिटावरून जो वाद पेटला, तो लक्ष्मीपूजनापासून भाऊबीजेपर्यंत पुरला.

आमचे चिरंजीव पुण्याला नोकरीस आहेत. पुण्याहून नागपूरपर्यंत विमानाने आणि तेथून चंद्रपूरपर्यंतचे दीडशे किलोमीटर मोटारीने, असा त्यांचा दिवाळीचा शिरस्ता. गेल्या वर्षी तिकिटे काढायला थोडा उशीर झाला आणि मंडळी एरवीच्या तिप्पट भाव मोजून घरी आली. चिवड्याची बशी हातात घेता घेताच सूनबाई म्हणाल्या, "बाबा, सरकारनं हे भाव बांधून द्यायला हवेत. ही शुद्ध लूट आहे!"

"लूट कसली?" चिरंजीव उसळले. "जागा थोड्या, माणसं फार. भाव चढणारच. सरकारनं भाव बांधले तर कंपन्या विमानंच कमी सोडतील. मग स्वस्त तिकीट फक्त कागदावर!"

आमचे मेव्हणे एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. ते असे प्रसंग सोडत नाहीत. "आमची एस.टी. १९४८ पासून धावते आहे. पाच उतारू असले तरी भामरागडची गाडी सुटते. तुमचा मोकळा बाजार जाईल का भामरागडला? आपल्या मोरव्याला धावपट्टी आहे. तिकीट काढून बसावं असं एक तरी विमान उडतं का तिथून?"

तसे पाहिले तर हा वाद आमच्या दिवाणखान्याच्या वयाहून जुना आहे. १९५३ साली आपल्या संसदेने कायदा करून खाजगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या आणि देशातल्या देशात उडायचे तर इंडियन एअरलाइन्सखेरीज गत्यंतर उरले नाही. चाळीस वर्षे तसे चालले. अमेरिकेने १९७८ साली आपल्या विमान कंपन्यांना भाव आणि मार्ग ठरवण्याची मोकळीक दिली; आपण १९९४ साली जुना कायदा रद्द केला. त्यानंतर विमानात मध्यमवर्गाची गर्दी झाली, ही गोष्ट नाकारून चालणार नाही. माझ्या वडिलांनी विमान पाहिले ते मान वर करूनच. पण त्याच मोकळ्या आकाशात किंगफिशर २०१२ साली आणि जेट २०१९ साली जमिनीवर आली, आणि उरलेल्या एकदोघांच्या हाती बाजार गेला.

वाद ऐकत मी गप्प बसलो होतो. माझ्या डोळ्यांपुढे विमान नव्हतेच. होते ते तेंदूचे पान.

वाचकांना हे चमत्कारिक वाटेल, म्हणून खुलासा करतो. मी उभी हयात बँकेत काढली आणि त्यातली बरीच वर्षे गडचिरोलीच्या जंगलात. १९८२ साली चंद्रपूरचा जुना जिल्हा मोडून गडचिरोली वेगळा झाला, त्यानंतर तीन वर्षांनी माझी बदली धानोऱ्याकडे झाली. तेथे मी नोटा मोजल्या त्या प्रामुख्याने पानाच्या. सरकारी बंधन बरे की मोकळा बाजार बरा, या प्रश्नाची उत्तरपत्रिका तेथे लोकांनी स्वतःच्या घामाने लिहिलेली मी पाहिली आहे.

तेंदू म्हणजे टेंभुर्णी. तिच्या पानात तंबाखू वळली की विडी होते. एप्रिलच्या अखेरीस कोवळी पाने येतात आणि मे महिन्यात हंगाम आटोपतो. पहाटे अंधारात बाया रानात शिरतात, उन्हे चढेपर्यंत पाने तोडतात, घरी येऊन सारे घर पुडे बांधायला बसते. एका पुड्यात सत्तर पाने. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे गावाच्या संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे. शंभर पुडे केले की सात हजार पाने झाली! असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. शेती पावसाच्या भरवशावर, तेव्हा वर्षातला रोख पैसा काय तो या दोनतीन आठवड्यांत. मुलांची पुस्तके, बियाणे, लग्नकार्य, सारे त्यातूनच. आणि त्यासाठी जीव धोक्यात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात पाने तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात ठार झाल्या. त्यानंतरही आसपासच्या बाया रानात गेल्याच असतील. पान कोणासाठी थांबत नाही.

मी गेलो तेव्हा पानावर सरकारचा मक्ता होता. मध्य प्रदेशाने १९६४ साली आणि महाराष्ट्राने १९६९ साली कायदे करून या व्यापाराचे नियमन हाती घेतले. हेतू चांगला होता. त्यापूर्वी ठेकेदार म्हणेल तो भाव आणि ठेकेदार मोजेल तो पुडा, अशी स्थिती असे. नव्या कायद्यात सरकार जंगलाचे भाग पाडून पान विकी आणि तोडणाऱ्यांची मजुरी ठरवून देई. मजुरीचा आकडा निदान कागदावर आला. पण ज्या रानात तिच्या आजीनेही पाने तोडली, त्या रानात तोडणारी बाई मजूर ठरली. पान शेवटी काय भावाने गेले, हे तिला कोणी सांगत नसे. मजुरी वाढवण्याच्या मागणीवर १९८० नंतर नक्षलवाद्यांनी या भागात पाय रोवले, आणि पुढे ठेकेदारांकडून खंडणीही सुरू झाली. एकाच पानावर किती जणांचे हात! तिचा मात्र सगळ्यांत खाली.

मग वारे फिरले. १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी भागात गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेकडे दिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदू यांना त्यात नाव घेऊन बसवले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक. तरीही त्यांचा बांबू रानाबाहेर नेण्याचा परवाना हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या दिवशी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात जाऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. कायद्याने माल तुमचा, पण फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे, असा तोवरचा प्रकार होता. २०१३ च्या सुमारास काही ग्रामसभांनी तेंदूचीही विक्री स्वतः सुरू केली. जाहिरात दिली, निविदा मागवल्या, ठेकेदार गावात बोलावले. मक्ता सुटला, बाजार मोकळा झाला.

२०१७ च्या हंगामात भाव असे चढले की आम्ही बँकवाल्यांनीही डोळे चोळले. तोडणाऱ्या बायांच्या खात्यात मजुरीच्या वर रक्कम आली. चिरंजीवांचे म्हणणे अशा वर्षी शंभर टक्के खरे ठरते. पण त्याच वर्षी जुलैत वस्तू आणि सेवा कर आला. पानावर १८ टक्के, विडीवर २८ टक्के. पुढल्या हंगामात भाव उतरले. गेल्या वर्षी घासाघीस करणारे ठेकेदार निविदेला फिरकेनात.

माझ्या ओळखीच्या एका गावात तर याहून वाईट झाले. नाव सांगत नाही. ठेकेदाराने सर्वांत चढा भाव बोलला, ग्रामसभेने आनंदाने कागद केला. पाने तोडली, वाळवली, बोद भरले, ट्रक गेले. पैसे आले ते थोडेसे; बाकीचे पावसाळ्यानंतर, मग दिवाळीनंतर, मग कधीच नाही. मी तेव्हा निवृत्त झालो होतो. एका जुन्या खातेदार मावशींनी मला वाटेत गाठले. म्हणाल्या, "साहेब, सरकार होता तवा कमी भेटत होता, पण भेटत होता. आता भाव मोठा, पन हातात काई नाई."

मी विचारले, "मग मावशी, पुन्हा सरकारलाच द्यायचं का सगळं?"

त्यांनी मान हलवली. "नाई जी. पान आमचा आहे. पयले पैसा, मंग टरक, असा कागद करून देना."

अर्थशास्त्राची पुष्कळ पुस्तके मी चाळली आहेत. पण बंधन आणि मोकळीक यांची सांगड इतक्या थोडक्यात घातलेली मला आढळली नाही.

गोष्ट अशी आहे की मोकळ्या बाजारात दोन्ही पक्षांना "नको" म्हणता आले पाहिजे. ठेकेदार नको म्हणू शकतो. त्याला दुसरे गाव आहे, दुसरे राज्य आहे. मावशी नको म्हणू शकत नाही. पंधरा दिवस थांबली तर पान जून होते, अवकाळी पाऊस आला तर फळीवर वाळत घातलेला माल डागतो. ज्याला थांबता येत नाही, त्याच्यासाठी बाजार मोकळा नसतो. समोरच्यापुरता मोकळा असतो. अशा ठिकाणी नियम हवा. पण तो नियम मालकीच गिळून बसला तर १९६९ चीच गत. मालकी मावशीची, भाव बाजाराचा, आणि मोजमाप, उचल व पैसे देण्याची मुदत मात्र पक्क्या नियमाची, अशी ती वाटणी आहे.

आणि हे नुसते बोलणे नाही. कोरची तालुक्यातील ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली. एकेका पाड्याने ठेकेदारापुढे उभे राहण्याऐवजी अनेक गावांनी मिळून सौदा करायचा, हा त्यातला विचार. ज्या ग्रामसभेला स्वतः विक्री झेपत नाही, तिला वन विभागामार्फत विकण्याची वाटही खुली आहे. दुसरे दार उघडे असले की पहिल्या दारावरचा माणूस जरा अदबीने बोलतो.

भाऊबीजेच्या रात्री सूनबाईंनी मला सरळच विचारले, "बाबा, तुम्ही नेमके कोणाच्या बाजूचे?"

मी त्यांना पानाची ही सारी हकीकत सांगितली आणि म्हणालो, "जून महिन्यात तुम्ही सहज पुण्याहून यायचं म्हणता, तेव्हा मी याच्या बाजूचा. भाव पटला नाही तर तुम्ही आठवडाभर थांबाल, रेल्वेने याल. पण दिवाळी थांबत नाही. कोणाचं आजारपण थांबत नाही. त्या दिवशी तुमची अवस्था मावशीसारखी असते. तेव्हा वरची मर्यादा हवी, आणि ती आधी जाहीर झालेली हवी."

"मर्यादा घातली की विमानं कमी होतील, त्याचं काय?" चिरंजीवांनी आपला मुद्दा सोडला नाही.

त्याला उत्तर मेव्हण्यांनी दिले. "२०१८ साली आपल्या सरकारनं ठरवलं, की खाजगी बसनं एस.टी.च्या दीडपटीहून जास्त भाडं घ्यायचं नाही. बस बंद झाल्या का? दीडपट म्हणजे नफा नाही की काय! मोडतं कुठं, तर नियम पाळला जातो की नाही, हे बघायला स्टँडावर कोणी उभं नसतं तिथं."

चिरंजीवांनी लाडू तोंडात घातला; ते त्यांचे मान्य करण्याचे लक्षण.

ही मंडळी परत गेल्यावर दीड महिन्यातच, डिसेंबर २०२५ मध्ये, वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी अपुरी पडून इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. उरलेल्या विमानांचे भाव आकाशाला भिडले, आणि ६ डिसेंबरला सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, हजारपर्यंत बारा हजार, दीड हजारपर्यंत पंधरा आणि त्यापुढे अठरा हजार. त्या रात्री चिरंजीवांचा फोन आला. "बाबा, तुमचं पान खरं निघालं."

मी म्हटले, "अरे, अर्धंच. मर्यादा आली, पण माणसं विमानतळावर अडकून पडल्यावर. मावशी काय म्हणाल्या होत्या? कागद आधी, ट्रक मग."

मेव्हण्यांचा भामरागडचा प्रश्न मात्र अजून शिल्लक आहे. जेथे नफा नाही तेथे बाजार आपणहून जात नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे गाडी पाठवायची तर तिचा खर्च सर्वांनी मिळून उचलायचा, असे उघडपणे ठरवावे लागते. एस.टी. ते काम धूळ खात करीत आली आहे.

यंदा सूनबाईंनी दिवाळीची तिकिटे चार महिने आधीच काढून ठेवली. स्वस्त मिळाली म्हणून त्या खुशीत आहेत. मी मात्र उन्हाळ्यात धानोऱ्याकडे गेलो होतो, तेव्हा मावशींच्या फळीवर डोकावून आलो. पाने उन्हात पसरली होती, मुन्शी वहीत आकडे मांडत होता आणि मावशी त्याच्या शेजारी बसून पुडे पुन्हा मोजत होत्या. मी विचारले, "ट्रक कधी?"

"पैसा आला का टरक," मावशी म्हणाल्या, आणि पुढचा पुडा उचलला.