मध्यावरची मरगळ

दिवाळीची सुटी संपते, फराळाचे डबे रिकामे होतात आणि शाळेची घंटा पुन्हा वाजू लागते. जूनमध्ये कोऱ्या वह्यांना कव्हरे घालताना जो उत्साह होता, तो मात्र द्वितीय सत्राच्या पहिल्या आठवड्यात शोधूनही सापडत नाही. मुले जांभया देतात. शिक्षक उरलेल्या अभ्यासक्रमाकडे पाहून धास्तावतात. कचेऱ्यांतही एप्रिलमधले संकल्प प्रलंबित प्रकरणांच्या गठ्ठ्याखाली दबलेले असतात. या मरगळीला आपण सरसकट आळस म्हणतो आणि उपदेशाचे चार शब्द सुनावून मोकळे होतो. हे निदानच चुकीचे आहे.

उद्दिष्ट जवळ येते तसतसा प्रयत्नांचा वेग वाढतो, हा सिद्धान्त अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ साली मांडला. २०११ साली आंद्रेआ बोनेत्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला महत्त्वाची पुस्ती जोडली. आरंभी माणूस किती झाले ते मोजतो, अखेरीस किती उरले ते मोजतो. वीस धड्यांच्या पुस्तकात पहिल्यानंतर दुसरा धडा झाला की झालेले काम दुप्पट होते. शेवटचे दोन उरले असता एक संपला की ओझे निम्मे होते. दहावा-अकरावा धडा मात्र कोणत्याही मापाने क्षुल्लकच वाटतो. म्हणजे मध्यावर पाय जड होणे हा स्वभावाचा दोष नव्हे. तो मोजणीचा परिणाम आहे.

आपली व्यवस्था या जडपणात भरच घालते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस कामकाजाचे ठरवले. तथापि त्याच कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ही कामे शिक्षकांसाठी खुली ठेवली. २०२४ साली विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबरला, म्हणजे ऐन दिवाळीनंतर झाले. पुढे २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली. मधल्या काळात शिकवणे मागे पडते आणि 'पोर्शन' संपवण्याची घाई तेवढी उरते. या घाईची किंमत सर्वांत दुबळा विद्यार्थी मोजतो. प्रथम सत्रात ज्याला अपूर्णांक उमगले नाहीत, त्याच्यापुढे शेकडेवारी येऊन उभी राहते. त्याचा धागा तुटतो आणि 'याला अभ्यासात रस नाही' असा शेरा मारून आपण त्याला मागच्या बाकावर सोडून देतो.

यावर उपाय खर्चिक नाही. द्वितीय सत्राचा पहिला आठवडा नव्या धड्यासाठी न वापरता प्रथम सत्राच्या उत्तरपत्रिकांसाठी राखावा. चूक कोठे झाली हे प्रत्येक मुलाला समजू द्यावे. त्यानंतर उरलेल्या काळाचे तीन-तीन आठवड्यांचे टप्पे पाडावेत, म्हणजे शेवट सतत दृष्टिपथात राहील. कचेरीतील लिपिकानेही मार्चअखेरची वाट न पाहता दर पंधरवड्याला ठरावीक जुनी प्रकरणे निकाली काढावीत. विद्यार्थ्याने आपल्या वेळापत्रकावर उरलेले धडे नव्हे, या टप्प्यातले धडे लिहावेत.

मध्य किती लांबू शकतो, हे महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या कार्यात दिसते. 'व्यवहारमयूखा'च्या आवृत्तीची प्रस्तावना लिहिता लिहिता त्यांच्या हातून धर्मशास्त्राच्या इतिहासाचा प्रचंड प्रकल्प उभा राहिला. पहिला खंड १९३० साली निघाला, तेव्हा ते पन्नाशीचे होते. दुसऱ्यासाठी १९४१ उजाडले आणि अखेरचा भाग १९६२ मध्ये, त्यांच्या वयाच्या ८२ व्या वर्षी प्रकाशित झाला. पहिल्या आणि दुसऱ्या खंडांमधली ती अकरा वर्षे केवळ उत्साहाच्या बळावर निभावली असतील, असे मानता येत नाही. तेथे रोजच्या रोज टेबलाशी बसण्याची शिस्तच कामी आली असली पाहिजे.

उत्साहाची वाट पाहून काम सुरू होत नाही. काम सुरू झाले की उत्साह मागाहून येतो. म्हणून मुलांना नवे संकल्प करायला लावण्यापेक्षा, सोमवारी सकाळी करता येईल एवढे लहान काम त्यांच्या हाती द्यावे. सत्राचे उरलेले आठवडे त्यातूनच सावरतील.