भंडारदऱ्याचे पंचांग

‘भंडारदऱ्याला केव्हा जावे ?’ हा प्रश्न आमच्या वर्गात दर वर्षी निघतो आणि त्याचे उत्तरही ठरलेले असते : पावसाळ्यात. या एका उत्तरामुळे ऑगस्टमधल्या रविवारी शेंडी गावच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही आणि नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी त्याच रस्त्यावरचे चहावाले माश्या मारीत बसलेले दिसतात. मला वाटते, प्रश्नच थोडा चुकतो. भंडारदऱ्याला एक तलाव नाही. एकाच खोऱ्यात वर्षभरात चार-पाच निरनिराळे तलाव येऊन जातात. त्यांतला कोणता पाहायचा आणि घरातल्या कोणाला बरोबर घेऊन पाहायचा, हे ठरले म्हणजे महिना आपोआप ठरतो.

असे का होते, हे कळायला धरणापासून सुरुवात केली पाहिजे. प्रवरा नदी रतनगडाच्या अंगाखांद्यावरून निघते. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर, अकोले तालुक्यात, अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अगदी पश्चिम टोकाला तिला अडविली आहे. काम १९१० साली सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव धरणाला मिळाले. जलाशयाला पुष्कळ लोक अजून ‘आर्थर लेक’ म्हणतात. भिंत दगडी बांधकामाची आणि सुमारे २७० फूट उंच आहे. १९६९ साली तिला भेगा आढळल्या, तेव्हा खालच्या अंगाने मोठाले टेकू बांधून ती बळकट करण्यात आली. आज भिंतीच्या पायथ्याशी उभे राहिले की ते टेकू दिसतात, पण बहुतेक पाहुण्यांना ती मूळचीच नक्षी वाटते.

जलाशयात ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे वर्तमानपत्रांच्या भाषेत अकरा टीएमसी पाणी मावते. हे पाणी सहलीसाठी साठविलेले नाही, ही गोष्ट आपण विसरतो. येथून सुटलेले पाणी नदीपात्राने, आता वाटेत झालेल्या निळवंडे धरणातून, संगमनेरजवळच्या ओझरच्या बंधाऱ्याला येते आणि तेथून डाव्या-उजव्या कालव्यांनी थेट श्रीरामपूर-राहुरीच्या शिवारात जाते. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचा ऊस याच पाण्यावर पिकला. आमच्या आजोबांची शेतीही डाव्या कालव्यावर. त्यांच्या लेखी भंडारदरा हे ठिकाणच नव्हते. ते पाटाच्या पाण्याचे दुसरे नाव होते. ‘भंडारदरा किती भरला ?’ एवढाच त्यांचा त्याच्याशी संबंध. तेव्हा या तलावाचे पंचांग दोघे मिळून लिहितात : एक पाऊस आणि दुसरा खालचा शेतकरी.

पावसाळ्याचे पान सर्वांना पाठ असल्यामुळे थोडक्यात सांगतो. जलाशयाच्या वरच्या टोकाला घाटघर आणि रतनवाडी येथे जो पाऊस कोसळतो तो नगरसारख्या दुष्काळी जिल्ह्यात कोणाला सांगून खरा वाटत नाही. तोच जलाशय भरतो. बहुतेक वर्षी स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे धरण भरल्याची बातमी येते. मग भिंतीतून सोडलेले पाणी एका गोलसर कातळावरून छत्रीसारखे पसरते, त्याला ‘अंब्रेला धबधबा’ म्हणतात. खाली दहा-एक किलोमीटरवर रंधा धबधब्यात प्रवरा एका अरुंद दरीत उडी घेते. वीजनिर्मितीसाठी पाणी वळविल्यामुळे एरवी रोडावलेला रंधा पाहायचा तर याच दिवसांत. मात्र लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी नदीच्या पात्रात उतरू नये. वर पाऊस वाढला की विसर्ग वाढवतात. धरणाखालचे पाणी आपल्या डोक्यावरचे आभाळ पाहून वाढत नाही, ते घाटघरचे आभाळ पाहून वाढते. शेंडीत ऊन पडले असतानाही खडकांवर बसलेल्यांभोवती बघता बघता पाणी चढू शकते.

माझ्या मते खरा भंडारदरा सुरू होतो तो पाऊस ओसरल्यावर. सप्टेंबरअखेरीस डोंगरउतारांवर सोनकी आणि तेरडा फुललेले असतात, तलाव काठोकाठ असतो आणि गर्दी मात्र घरी गेलेली असते. नवरात्रात बारी गावातून कळसूबाईला जाणाऱ्यांची रांग लागते. १६४६ मीटरचे हे शिखर राज्यात सर्वांत उंच. वाटेत लोखंडी शिड्या आहेत, त्यामुळे दोराची गरज पडत नाही; पण तीन-साडेतीन तास चढायची गुडघ्यांची तयारी हवी. कळसू ही कोळ्याची मुलगी. घरकामाला राहताना, भांडी घासायला आणि केर काढायला सांगायचे नाही अशी तिने अट घातली होती. एके दिवशी ती अट मोडली गेली. तिने ते काम केले आणि डोंगर गाठला तो कायमचाच, अशी कथा आहे. भांडी घासली ती जागा ‘थाळेमेळ’ म्हणून दाखवितात. आमच्या आईला शिखरापेक्षा ही कथाच अधिक आवडली, आणि त्या सहलीत जेवणानंतरची भांडी वडिलांनी घासली, हेही नमूद करावयास हवे.

हिवाळा हा साऱ्या कुटुंबाने एकत्र जाण्याचा काळ. तलावात पाणी असते, म्हणून शेंडीकडून नावेने रतनवाडीला जाता येते. (उन्हाळ्यात पाणी वरच्या टोकाकडून आटत येते, तेव्हा नाव रतनवाडीपर्यंत पोहोचत नाही.) तेथले अमृतेश्वराचे कोरीव देऊळ आणि पुष्करिणी वृद्धांनीही निवांत पाहावीत. तोवर तरुण मंडळी रतनगड चढून येतात. गडाच्या माथ्यावर कड्याला आरपार भोक पडले आहे, त्याला ‘नेढे’ म्हणतात. त्यात बसले की एका अंगाला जलाशय आणि दुसऱ्या अंगाला कोकण. वारा एवढा की टोपी सांभाळावी की स्वतःला, असा प्रश्न पडतो. साम्रद गावाजवळची सांदण दरी हीदेखील हिवाळ्या-उन्हाळ्याचीच. दोन उंच कातळभिंतींमधली ती चिंचोळी भेग पावसाळ्यात पाण्याची वाट असते; तेव्हा तेथे पाऊल टाकणे म्हणजे नळीत शिरून वरून नळ सोडण्याची वाट पाहणे.

फेब्रुवारीपासून खालचा शेतकरी पंचांग हाती घेतो. उन्हाळी आवर्तने सुटतात आणि तलाव पायरीपायरीने उतरतो. काठाला तांबूस पट्टे उमटतात, बुडालेले बांध वर येतात. हा तलाव कुरूप आहे असे म्हणतात. मला तसे वाटत नाही, पण तो धोक्याचा आहे हे मी अनुभवाने सांगतो. उतरत्या पाण्यामागे गाळ राहतो. उन्हाने त्याची वरची साय वाळते, भेगाळते, शेताच्या ढेकळांसारखी दिसते. खाली मात्र चिखल ओलाच असतो. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझा नऊ वर्षांचा भाऊ चेंडूमागे धावत त्या सायीवर गेला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. मी ओढायला धावलो, तर मीही रुतलो. धडपड करावी तसा पाय आणखी खाली जाई. वडील काठावरून ओरडत होते, त्यांनाही पुढे येववेना. जवळच गुरे चारणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ते पाहिले. ते न ओरडता एक लांब वाळकी फांदी घेऊन आले, ती गाळावर आडवी टाकली आणि म्हणाले, “उभं राहू नको पोरा, आडवा हो. आडवा होऊन सरक.” आम्ही पोटावर झोपून फांदीला धरून सरकलो आणि बाहेर आलो. भावाचा एक बूट अजून तेथेच आहे. पाण्यात पोहायला उतरणाऱ्यांचेही असेच होते. हा काही पायऱ्यापायऱ्यांनी बांधलेला घाट नव्हे. ही बुडालेली डोंगरदरी आहे. चार पावले गुडघाभर पाणी असते आणि पाचव्या पावलाखाली जमीन नसते.

वडील त्या गृहस्थांना पैसे देऊ लागले. त्यांनी ते घेतले नाहीत. गाडीत पिण्याचे पाणी आहे का, एवढेच विचारले. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण मी शाळेत निबंधात वापरली होती. तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मेअखेरीस पहिले वळीव पडले की काजवे निघतात. पावसाचा जोर धरेपर्यंतचे दोन-तीन आठवडे हिरडा, बेहडा, सादडा, उंबर या झाडांवर हजारोंनी काजवे लुकलुकतात. कधी कधी सबंध झाड एकाच तालात पेटते आणि विझते. हा प्रकाश थंड असतो. काजव्याच्या पोटातील ल्युसिफेरिन नावाच्या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन तो निर्माण होतो. ही काही आपल्यासाठी केलेली रोषणाई नव्हे. नर उडत उडत खूण करतो, मादी पानावरून किंवा जमिनीवरून उत्तर देते, आणि उत्तर दिसले तरच पुढची पिढी होते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. त्याआधीचे दीर्घ अळीपण मातीत गोगलगाई खाऊन जाते. आता या अंधारात आपल्या मोटारींचे दिवे, बॅटऱ्या आणि मोबाइलचे प्रकाश आणून ठेवा. नराची खूण कोणाला दिसणार ? आणि चांगला फोटो मिळावा म्हणून आपण रस्ता सोडून झाडाखाली जातो, तेव्हा पाय कोणावर पडतो ? हा सारा मुलूख १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, ही गोष्ट त्या गर्दीत कोणाच्या लक्षात नसते. मी स्वतः एकदा त्या गर्दीत होतो आणि माझ्याही हातात बॅटरी होती, म्हणून हे जरा चढ्या आवाजात लिहीत आहे. ज्यांना जायचेच आहे त्यांनी आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे, गाडी दूर ठेवावी, दिवे मालवून रस्त्यावरच थांबावे. दहा मिनिटांत डोळे अंधाराला सरावतात. लहान मुले तर कोणी न सांगताच गप्प होतात. गावातल्याच माणसाला वाटाड्या घेतला आणि त्याच्याच घरी पिठले-भाकरी खाल्ली, तर त्या घराच्या हातीही चार पैसे पडतात.

आजोबांना आम्ही गेल्या ऑक्टोबरात नेले. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर. साठ वर्षे त्या पाण्यावर शेती केली, पण धरण कधी पाहिले नव्हते. धाकटा भाऊ त्यांना नाव, रतनगड, कळसूबाई असे सगळे बोटाने दाखवीत होता. आजोबांचे तिकडे लक्ष नव्हते. ते काठावर उभे राहून निळ्या पाण्याकडे बराच वेळ डोळे बारीक करून पाहत राहिले. मग वडिलांकडे वळून म्हणाले, “काठोकाठ हाये. औंदा उन्हाळ्यात तीन पाळ्या निघतील.” आणि रतनवाडीला जायचे आहे म्हटल्यावर नावेत सर्वांत पुढे जाऊन बसले.