गाळ्याला सील? घाबरू नका, तारखा मोजा!

पेपरातलं बारीक टायपातलं ‘ताबा सूचना’वालं पान आपण रोज सरळ उलटतो. पण बाबांचा गाळा किंवा स्वतःच्या धंद्याचं ऑफिस बँकेकडे तारण असेल, तर ते वाचायला शिका बॉस!

सरफेसी हा २००२चा कायदा. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए. मग कोर्टाची पायरी न चढता बँक ६० दिवसांची नोटीस धाडते आणि पैसे आले नाहीत तर ताबा घेते. लोक काय करतात? नोटीस गुपचूप ड्रॉवरमध्ये टाकतात! खरं तर हिशोब चुकलाय असं वाटलं, तर याच दिवसांत लेखी आक्षेप घ्यायचा. तो मान्य नसेल तर बँकेला १५ दिवसांत कारणं कळवावीच लागतात.

ताबा गेला तरी ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरण, म्हणजे डीआरटी, गाठता येतं. पूर्वी दाद मागण्याआधी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरावी लागे. बुडणाऱ्याला आधी पोहून दाखव म्हणण्यासारखंच! २००४मध्ये मार्डिया केमिकल्स खटल्यात सुप्रीम कोर्टाने ती अट उडवली. कारवाई बेकायदा ठरली तर गाळा परत, वर भरपाईही मिळू शकते.

मात्र लिलावाची नोटीस छापून आली की पैसे भरून तारण सोडवण्याचा हक्क संपतो. २०२३च्या बाफना मोटर्स प्रकरणात कर्जदाराने लिलावानंतर पैसे उभे केले, हायकोर्टानेही हो म्हटलं. सुप्रीम कोर्टाने मात्र मालमत्ता लिलाव जिंकणाऱ्यालाच दिली.