अहिंसेचा सराव घेणारा धर्मोपदेशक

नागपूर म्हटले की संत्री आठवतात, १९५६ सालची धम्मदीक्षा आठवते. त्याच नगरीत १९५३ साली एक तरुण कृष्णवर्णीय अमेरिकन हिस्लॉप महाविद्यालयात येऊन राहिला होता, हे मला अगदी अलीकडे समजले. त्यांचे नाव जेम्स लॉसन. मेथडिस्ट पंथाचे धर्मोपदेशक. वडील आणि आजोबाही त्याच पेशातले. कोरियातील युद्धाच्या वेळी सक्तीच्या लष्करभरतीस नकार दिल्याबद्दल त्यांनी तुरुंगवास भोगला आणि सुटल्यावर मिशनरी म्हणून भारताची वाट धरली. हिस्लॉपमध्ये ते मुलांना खेळ शिकवीत आणि स्वतः गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करीत.

अहिंसा ही ज्याच्या त्याच्या स्वभावात असावी लागते, ती शिकवता येत नाही, असे मला वाटत असे. लॉसन यांनी ती शिकवून दाखविली. १९५६ साली ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांची भेट झाली व त्यांच्या आग्रहावरून ते दक्षिणेकडील नॅशव्हिल शहरी गेले. तेथे व्हँडरबिल्ट विद्यापीठात धर्मशास्त्र शिकत असतानाच त्यांनी एका चर्चमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले.

हे वर्ग केवळ व्याख्यानांचे नव्हते. काही विद्यार्थी उपाहारगृहातील गिऱ्हाईक होत, काही गुंड. गुंडांनी शिव्या द्यायच्या, ढकलायचे. गिऱ्हाइकांनी हात उचलायचा नाही आणि जागाही सोडायची नाही. मार बसू लागला तर डोके कसे सांभाळावे, हेही शिकविले जाई. मग कोणाचा तोल का गेला, यावर चर्चा होई. जॉन लुईस, डायान नॅश हे पुढे नावारूपास आलेले तरुण या वर्गांतलेच.

फेब्रुवारी १९६० मध्ये हे विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या उपाहारगृहांत जाऊन बसले. त्यांनी मार खाल्ला, अटका झाल्या, पण शिस्त मोडली नाही. मार्चमध्ये विद्यापीठाने लॉसन यांना काढून टाकले. १० मे रोजी मात्र शहरातील उपाहारगृहे कृष्णवर्णीयांना खुली होऊ लागली!

पुढे १९६८ मध्ये मेम्फिसच्या सफाई कामगारांच्या संपात ते अग्रभागी होते. त्या संपासाठी किंग यांना त्यांनीच बोलाविले आणि त्याच शहरी ४ एप्रिलला किंग यांची हत्या झाली. तो घाव सोसूनही त्यांची वाट बदलली नाही. १९७४ पासून पंचवीस वर्षे त्यांनी लॉस एंजेलिस येथील चर्चची सेवा केली. १९९९ मध्ये निवृत्त झाल्यावरही शिकविणे थांबले नाही. ज्या विद्यापीठाने त्यांना हाकलले होते, तेथेच २००६ पासून ते अभ्यागत प्राध्यापक म्हणून शिकवू लागले. ९ जून २०२४ रोजी, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपण दर २ ऑक्टोबरला गांधीजींच्या तसबिरीला हार घालतो, निबंधस्पर्धा घेतो. लॉसन यांनी गांधीजींच्या विचारांचा सराव घेतला. तसा एखादा वर्ग आपल्या महाविद्यालयात भरला, तर त्यात गिऱ्हाईक होऊन बसण्याची माझी तयारी आहे का? या प्रश्नाचे उत्तर अजून मला छातीठोकपणे देता येत नाही.