ध्वनिमुद्रिका-निर्माता

ध्वनिमुद्रिका-निर्माता : गीताची निवड, गायक-वादकांची योजना, ध्वनिमुद्रणाचे दिग्दर्शन आणि खर्चाचा मेळ यांची जबाबदारी घेणारी व्यक्ती. तिचे काम चित्रपट-दिग्दर्शकाच्या कामाशी मिळतेजुळते असते. ‘निर्माता’ या शब्दाने मात्र भांडवल पुरविणाऱ्याचाच बोध होत असल्याने घोटाळा होतो.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे सव्वातीन मिनिटांचेच गायन मावे. रागविस्तार वा गीताची कडवी तेवढ्यात बसविणे, हे कंपनीच्या ध्वनिमुद्रण-अधिकाऱ्याचे कौशल्य असे. भावगीतगायक जी. एन. जोशी (१९०९–९४) यांनी ‘हिज मास्टर्स व्हॉइस’साठी मुंबईत हे काम दीर्घकाळ केले. पुढे दीर्घवादी तबकडीमुळे स्वतंत्र कल्पनेला वाव मिळाला. शिवकुमार शर्मा (संतूर), हरिप्रसाद चौरसिया (बासरी) व ब्रिजभूषण काब्रा (गिटार) यांची कॉल ऑफ द व्हॅली (सु. १९६७) ही जोशींचीच निर्मिती. काश्मीरमधील मेंढपाळाचा एक दिवस तीत प्रहरानुसार रागांतून उभा केला आहे.

चुंबकीय फितीवर निरनिराळे ध्वनी वेगळ्या पथांवर मुद्रित करून नंतर त्यांचे मिश्रण करता येऊ लागल्यावर निर्माता हा संगीतरचनेतही भागीदार झाला. ‘बीटल्स’ या वृंदाचा निर्माता जॉर्ज मार्टिन (१९२६–२०१६) हे याचे ठळक उदाहरण. पगारी नोकर म्हणून विक्रीवरील स्वामित्वधन मिळेना, तेव्हा १९६५ मध्ये त्याने कंपनी सोडून स्वतःची संस्था काढली.

१९८० नंतर कॅसेटमुळे हा व्यवसाय अल्प भांडवलातही शक्य झाला आणि आगरी-कोळी गीतांना बाजारपेठ लाभली. रायगड जिल्ह्यातील पेण, रोहे या भागांतील आगरी लग्नांत धवलारीण परंपरेने धवले गाते. अशा लोकगीतांना ज्ञात कर्ता नसतो. भारतीय प्रतिलिपी अधिकार अधिनियम, १९५७ नुसार ध्वनिमुद्रिकेचा कर्ता निर्माता, म्हणजे पुढाकार व जबाबदारी घेणारा, असतो. व्यवहारात बहुधा कंपनीच. तिचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंतास हक्क मिळाले, २०१२ मध्ये नामनिर्देशाचा हक्कही मिळाला. तथापि चाल जिच्याकडून घेतली ती धवलारीण स्वतः ध्वनिमुद्रणात गात नसेल, तर या तरतुदी तिला लागू पडत नाहीत.